मुकी बटणं

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारी एकटी मीच, अशी सगळ्यांची समजूत आहे. ती कशावरून झाली, तर मी दिवसभर एका कॉम्प्युटरसमोर बसते. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत फोन घेण्याचं माझं काम. लोक फोन करतात, कुठलं मशीन घेऊ म्हणून विचारतात, आणि मी पडद्यावर बघून त्यांना सल्ला वाचून दाखवते. एवढ्या भांडवलावर मी घरची तज्ज्ञ. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मी.

त्यामुळे मावशीने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा फोन मलाच आला. रविवारी सकाळी, दहाच्या ठोक्याला.

"अगं, मी घरी कॉम्प्युटर घेतेय. कुठल्या कंपनीचा घेऊ?"

आमच्या ऑफिसात फोन उचलला की पडद्यावर सगळ्यात वर एक ओळ येते: वस्तू कशासाठी हवी आहे ते आधी विचारा. दिवसाला पन्नास परक्या माणसांना मी हे विचारते. सख्ख्या मावशीला विचारलं नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, जुने फोटो बघेल, गाणी ऐकेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि तीन कंपन्यांची नावं सांगितली. तिने ती वहीत उतरवून घेतली आणि दोनदा वाचून दाखवली. "बरं, बघून येते," म्हणाली. मला वाटलं, काम संपलं.

ते पुढे चार महिने चाललं.

मावशीला काय हवं होतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ते चार महिन्यांनी कळलं, पण तो ताप तुम्हाला कशाला? तिला घरात आवाज हवा होता. बटणांचा. टक टक टक टक, सकाळी नऊ ते अकरा. बाकी त्या कॉम्प्युटरने काही केलं नसतं तरी तिची तक्रार नव्हती.

मावशी टायपिंग शिकवायची. बस थांब्यासमोरच्या घरात, खालच्या लांबट खोलीत चौदा टाइपरायटर दोन रांगांत मांडलेले असायचे. मागच्या छोट्या खोलीत काका, म्हणजे मावशीचे यजमान, टाइपरायटर दुरुस्त करायचे. सगळ्या कचेऱ्यांची बिघडलेली मशीनं त्यांच्याकडे यायची. दुरुस्त झालेल्या मशीनचं एकेक बटण ते सावकाश दाबून बघत. टक. मग थांबत. मग पुन्हा टक. बाहेर चौदा मशीनांचा गलका आणि आत हा एक संथ आवाज. लहानपणी सुट्टीत मी तिथे राहायला जायचे तेव्हा पहिले दोन दिवस डोकं उठायचं, तिसऱ्या दिवसापासून काहीच जाणवायचं नाही, आणि परत आपल्या घरी आले की झोप यायची नाही.

शिकवताना मावशी वर्गाकडे पाठ करून बसायची. कुणाच्या हातांकडे बघायचं नाही, हा तिचा नियम. बघितलं की माणूस दिसतो आणि बोट ऐकू येत नाही, म्हणायची. खिडकीबाहेर बघत ती बोलायची, "तिसरं मशीन, करंगळी झोपलीय. अकरावं, घोडं लागलंय का मागे?" एकदा म्हणाली, "सातवं मशीन, रडून आलीयेस तू. जा, तोंड धुऊन ये आणि मग बस." सातव्या मशीनवरची मुलगी खरंच रडून आली होती. मी तिथेच होते, मी बघितलंय. विद्यार्थी तिला पाठीमागे 'कानबाई' म्हणत, आणि पाठीमागे म्हटलेलंही तिला ऐकू जायचं.

काका तसे अबोल. दोघं एकमेकांशी काय बोलत असतील, असा मला लहानपणी प्रश्न पडायचा. जेवण तयार झालं की मावशी आपल्या मशीनची घंटी दोनदा वाजवायची, ओळ संपत आली की वाजते ती. आतून काका एक बटण दाबून टक असं उत्तर द्यायचे. एवढ्या बोलण्यात त्यांचा संसार पार पडला, आणि चांगला पार पडला. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल मावशी कधी बोलली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

पुढे कचेऱ्यांमध्ये कॉम्प्युटर आले आणि चौदा मशीनांपुढे चार विद्यार्थी उरले, मग दोन, मग कुणीच नाही. मशीनं भंगारात गेली. त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले. मावशीने आपलं स्वतःचं मशीन तेवढं ठेवलं, आणि रोज सकाळी नऊला ती त्याच्यासमोर बसायला लागली. काय टाइप करायची? काहीही. वर्तमानपत्रातली बातमी, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, विद्यार्थ्यांना द्यायची ते जुने धडे. शाईची रिबिन मिळेनाशी झाली तेव्हा तिने रिबिनीशिवाय टाइप करायला सुरुवात केली. कागद कोरा यायचा, त्यावर नुसते वळ उठलेले असायचे. हे मला माहीत नव्हतं. मला खूप गोष्टी माहीत नव्हत्या, पुढे कळेलच.

मग एके दिवशी मशीनचा पट्टा तुटला. टाइप करताना वरची गाडी एकेक घर सरकते, ती त्या पट्ट्याने ओढली जाते. पट्टा गेल्यावर गाडी जागच्या जागी राहिली, सगळी अक्षरं एकाच ठिकाणी बसायला लागली आणि कागदाला भोक पडलं. तिने एका हाताने गाडी ढकलत दुसऱ्या हाताने टाइप करून पाहिलं. ते काही खरं नव्हतं. दहा मिनिटांत ज्याने पट्टा बदलून दिला असता तो माणूस आता घरात नव्हता, आणि दुसरा कुणी ती विद्या जाणत नव्हता.

म्हणून कॉम्प्युटर. आणि म्हणून 'कुठल्या कंपनीचा'. टाइपरायटरच्या जगात प्रत्येक कंपनीचा आवाज वेगळा असायचा. काका डोळे मिटून, नुसतं ऐकून कंपनी सांगायचे. तेव्हा मावशीच्या मते कंपनी विचारणं म्हणजेच आवाज विचारणं. पण दुकानात जाऊन 'मला आवाज करणारा कॉम्प्युटर दाखवा' म्हणायची तिला लाज वाटली, आणि माझ्यापाशी म्हणायची त्याहून जास्त. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. अर्थात, भांड्याबद्दल मी तरी कुठे विचारलं होतं?

दर शनिवारी ती एक दुकान बघायची आणि दर रविवारी दहाला मला फोन करायची. कंपन्यांची नावं तिच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तिने आपली नावं ठेवली होती. एक निळी कंपनी, कारण पाटीवरची अक्षरं निळी. एक तीन अक्षरी. एक लांब नावाची.

"तीन अक्षरी बघितला काल," ती सांगायची. "दिसायला नेटका आहे. पण काही जीव नाही गं त्यात."

"मावशी, जीव कशाला हवाय? मेमरी किती सांगितली?"

"सांगितली काहीतरी. बटणं कशी असतात त्यांची, तुला माहितीये?"

"बटणं काय, सगळ्यांची सारखीच असतात. त्याकडे लक्ष नको देऊस. मेमरी विचार, आणि गॅरंटी किती वर्षांची ते विचार."

"बरं," ती म्हणायची, आणि लिहून घ्यायची. तिच्या लिहिण्याचा आवाज मला फोनमधून ऐकू यायचा. मी तेवढ्यात कपडे वाळत घालायचे किंवा कप विसळायचे. मी एकटीच राहते, का ते या गोष्टीत नाही, आणि रविवारची माझी कामं ठरलेली असतात. फोन कानाला लावून ती सहज उरकायची.

दुकानात ती काय करायची ते मला नंतर निळ्या कंपनीच्या विक्रेत्याने सांगितलं. मांडून ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर उभी राहून ती डोळे मिटायची आणि दहाही बोटांनी असं काही टाइप करायची की दुकानातली बाकीची माणसं वळून बघायची. पडद्यावर काय उमटतंय याकडे तिचं लक्ष नसायचं. मग डोळे उघडून ती मान हलवायची, नकारार्थी. एका दुकानात तर, हे मावशीनेच पुढे सांगितलं, विक्रेता कौतुकाने म्हणाला, "आजी, हे आमचं सगळ्यात नवीन मॉडेल. रात्री शेजारी कुणी झोपलेलं असलं तरी कळणार नाही, इतकं गुपचूप चालतं."

"शेजारी कुणी झोपत नाही माझ्या," मावशी म्हणाली आणि बाहेर पडली.

तो बिचारा काय चुकलं म्हणून विचार करत बसला असेल. त्याची चूक नव्हती. सगळ्या कंपन्या वर्षानुवर्षं बटणं अधिकाधिक मुकी करण्याच्या खटपटीत होत्या, आणि आमची बाई बोलकी बटणं शोधत फिरत होती.

तिसरा महिना सरला तसा माझा धीर सुटायला लागला. आमच्या ऑफिसात एका गिऱ्हाईकाशी सहा मिनिटांपेक्षा जास्त बोललं की पडद्याचा कोपरा लाल होतो. त्या सवयीचं काय करणार? मावशी सातव्यांदा लांब नावाच्या कंपनीबद्दल सांगायला लागली की माझ्या डोक्यातला कोपरा लाल व्हायचा. चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी ती म्हणाली, "निळा पुन्हा एकदा बघून येऊ का गं? पहिल्यांदा कदाचित मीच नीट—"

"मावशी, कुठलाही घे," मी म्हणाले. "अगदी कुठलाही. सगळे सारखेच आहेत. तुला काय त्यावर विमान उडवायचंय? चार महिने चाललंय हे. घे एकदाचा आणि मोकळी हो."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. लिहिण्याचाही नाही.

"खरंय," ती म्हणाली. "तुझा रविवार खाते मी."

"तसं नाही गं."

"नाही, नाही. खरंच आहे ते. ठेवते."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी म्हटलं, घेतला असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही आला. दहा वाजता कपडे वाळत घालायला गेले आणि दोन्ही हात मोकळे आहेत हे मला चमत्कारिक वाटलं. मी फोन केला तर घंटी वाजत राहिली. शेवटी शनिवारी सकाळची बस पकडून गेले. चार तासांचा रस्ता आहे. वर्षभरात गेले नव्हते.

घर तसंच होतं. मावशी मात्र जरा बारीक वाटली. "फोन का नाही उचलला?" तर म्हणे, "मागच्या अंगणात होते," आणि तिच्या घराला मागे अंगण नाही. चहा टाकायला ती आत गेली. मी लांबट खोलीत उभी राहिले. जिथे चौदा मशीनं होती तिथे फरशीवर टेबलांच्या पायांच्या खुणा होत्या, चौकोनी, फिकट. खिडकीजवळ एकच टेबल, त्यावर झाकण घातलेला टाइपरायटर आणि बाजूला कागदांचा हातभर उंच गठ्ठा. मला वाटलं, कोरे कागद. एक उचलला आणि बोटाला खडबडीत लागला. उजेडाकडे तिरका धरला तेव्हा वळ दिसले. पानभर अक्षरं, शाईशिवाय. पुढचा कागद तसाच. त्याच्या पुढचाही. सहा-सात वर्षांचं टायपिंग असेल ते, आणि त्यातलं एक अक्षर कुणाला वाचता आलं नसतं.

गठ्ठ्याशेजारी तिची वही होती. माझी मेमरी आणि गॅरंटी पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती आणि पुढे कुठेही त्यांचा पत्ता नव्हता. पुढे हे होतं:

निळी. हलका. कापसावर चालल्यासारखा. फुली.

तीन अक्षरी. मधली ओळ बरी, लांब पट्टी मुकी. फुली.

लांब नावाची. ऐकूच आला नाही. दुकानात गर्दी असेल म्हणून पुन्हा गेले. नाहीच आला. फुली.

अशी सोळा दुकानं. मी उभ्याउभ्याच सगळं वाचलं आणि माझे कान गरम झाले. मला रडू आलं असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर आधी रागच आला. तिचा आला, सांगितलं का नाही म्हणून. मग माझा आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

मावशी चहा घेऊन आली आणि माझ्या हातातली वही तिने हळूच काढून घेतली.

"काही नाही गं ते. असंच आपलं."

"तुला आवाज हवा होता?"

ती खुर्चीत बसली. माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून. "काका होते तोवर शांततेची गंमत होती," ती म्हणाली. "क्लास सुटला की बरं वाटायचं. आता नुसता फ्रिज चालतो. तोही मधूनच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. पण तो बंद असतो तेवढ्या वेळात मी आहे की नाही, तेच मला कळत नाही. चमचा पाडून बघते कधीकधी."

मी चहा प्यायले.

"चमचा पाडून बघते," ती पुन्हा म्हणाली आणि स्वतःच हसली. "म्हातारी वेडी झाली म्हणशील."

"मावशी," मी म्हटलं, "बटणांची पाटी वेगळी मिळते."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्युटर एका कंपनीचा आणि की-बोर्ड दुसऱ्या कंपनीचा, असं चालतं. वायर काढायची, दुसरी खोचायची. कुठल्याही कॉम्प्युटरला कुठलाही."

आता ती वळली. "टाइपरायटरची बटणं उपटून दुसऱ्या टाइपरायटरला लावता येतात?"

"नाही."

"मग?"

"कॉम्प्युटरची येतात."

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मी थापा मारतेय का, ते तपासत असावी. "चल," ती म्हणाली आणि चपला घातल्या. तिचा चहा तसाच राहिला.

बाजारात एका जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि चष्मा कुठे गेला म्हणून शोधत होता. मी त्याला सांगितलं, भरपूर आवाज करणारा की-बोर्ड हवा.

"आवाज करणारा?" तो म्हणाला. "बाई, लोक माझ्याकडे आवाज कमी करून घ्यायला येतात."

"आहे का, ते सांगा," मावशी म्हणाली.

त्याने टेबलाखालून एक खोकं ओढलं आणि त्यातून एक जाडजूड काळा की-बोर्ड काढला. "हा एक आहे. गेम खेळणाऱ्या एका गिऱ्हाईकाने नेला होता. आठवड्यात परत आणून दिला. बायको म्हणाली, घरात हा राहील नाहीतर मी."

मावशीने त्याला हात लावला नाही. दुकानाकडे पाठ करून ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू टाइप कर. काहीही कर."

मी खोक्यावरच तो ठेवला आणि टाइप करायला लागले. आवाज असा निघाला की शेजारच्या दुकानातली बाई डोकावून गेली. मावशीची पाठ मला दिसत होती. आधी ती ताठ होती, मग खांदे हळूहळू खाली आले. मी थांबले तर तिने हातानेच खूण केली, चालू ठेव. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, ती उन्हात उभी होती आणि मी काहीबाही बडवत होते.

"उजवी अनामिका दुखते तुझी," ती न वळता म्हणाली.

"हो."

"आणि तू धावतेस. कुठे जायची घाई नसली की माणूस असा धावतो. घरी कुणी येतं जातं का तुझ्या?"

दुरुस्तीवाला चष्मा शोधण्यात गुंतल्यासारखं करायला लागला. "येतात की," मी म्हणाले.

सातव्या मशीनवरच्या मुलीला तिने तोंड धुवायला तरी पाठवलं होतं. थोड्या वेळाने ती वळली आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "हाच द्या. आणि चष्मा कपाळावर आहे तुमच्या."

बाहेर आल्यावर तिने की-बोर्ड छातीशी धरला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "सोळा दुकानं फिरले मी. म्हणजे पहिल्याच दिवशी घेता आला असता?"

"पहिल्याच दिवशी."

"कुठल्याही कंपनीचा?"

"कुठल्याही."

मग ती मला निळ्या कंपनीच्या दुकानात घेऊन गेली. मी विचारलं, निळाच का? तिने कारण सांगितलं: सोळा दुकानांत एका त्याच विक्रेत्याने तिला बसायला स्टूल दिलं होतं. मेमरी किती ते तिने याही वेळी विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी सगळं जोडून दिलं. टाइपरायटर तिने काकांच्या खोलीत ठेवला, झाकण नीट करून. खिडकीजवळच्या टेबलावर ती बसली, बाह्या वर केल्या आणि सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तो आवाज आला आणि माझे हात थांबले. मी नऊ वर्षांची झाले, एवढंच सांगता येईल. मधेच आवाज थांबला.

"घंटी नाही याला," मावशी बाहेरून म्हणाली.

"नाही."

"असू दे." आणि पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने मला बस थांब्यापर्यंत सोडलं. बस यायला वेळ होता. ती म्हणाली, "मग आता काय विचारू गं तुला?"

मला ते तेव्हा समजलंच नाही. "काही अडलं तर विचार की," असं काहीतरी बोलून मी बसमध्ये चढले. खिडकीतून हात हलवला. बस वळणावर गेली तरी ते वाक्य डोक्यात होतं, आणि बहुधा पुढच्या थांब्यानंतर कधीतरी ते मला समजलं. पण बसमधून उतरून मागे जाण्याची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

तिचं काही अडलं नाही. चौदा मशीनं सांभाळलेल्या बाईचं एका कॉम्प्युटरपाशी काय अडणार? पुढच्या रविवारी दहा वाजता फोन आला नाही. मी कपडे दोन्ही हातांनी वाळत घातले, लवकर आटपले, आणि मग अकरापर्यंत काय करावं ते सुचेना. त्याच्या पुढच्या रविवारी मी फोन समोर ठेवून बसले. मीच करावा, तर सांगायचं काय? कशी आहेस, बरी आहे, तू कशी आहेस, मीही बरी आहे. एका मिनिटात संपलं असतं. चार महिने आम्ही दर रविवारी अर्धा-अर्धा तास बोललो होतो. कॉम्प्युटर नसता तर आम्हाला बोलायला काय होतं, याचा मी विचार करायला लागले आणि तो विचार काही बरा नव्हता.

माझ्या घरातला फ्रिजही बंद होतो आणि सुरू होतो. मला आधी कधी ऐकू आला नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी दहाच्या ठोक्याला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा तिला जरा धाप लागली होती.

"बोल. टाइप करत होते, ऐकू नाही आला."

"मावशी, मला मिक्सर घ्यायचाय," मी म्हणाले. "कुठल्या कंपनीचा घेऊ?"

मिक्सर माझ्यापासून तीन पावलांवर ओट्यावर होता. दोन वर्षांपूर्वी घेतलेला, अगदी उत्तम चालणारा. मी त्याच्याकडे पाठ केली.

मावशीने विचारलं, "कशासाठी हवाय तुला?"

पडद्यावरची ओळ ती. रोज पन्नास माणसांना मी हा प्रश्न विचारते आणि पन्नास जण उत्तर देतात, घरात माणसं किती, कपडे किती, सगळं सांगतात. वाटण करायला म्हणावं, तर मी एकटीसाठी कितीसं वाटणार? आणि ती फोनवर होती, म्हणजे माझ्याकडे न बघता ऐकत होती. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"घर फार गप्प आहे गं मावशी," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. मग तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग भरपूर आवाजाचा बघावा लागेल," मावशी म्हणाली. "घाई करू नकोस, चार-सहा महिने लागतील. थांब, वही आणते."